आज्ञेचा शोधमार्ग : एका पूर्वनियत क्रमाचा इतिहास

प्रतिष्ठान या नावाची नगरे प्राचीन वाङ्मयात दोन आढळतात. एक गोदावरीच्या उत्तर तीरावरील आपले पैठण; दुसरे गंगा-यमुनांच्या संगमासमोरील, पुरूरव्याची राजधानी म्हणून पुराणांत व कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’त ज्याचा उल्लेख येतो ते, म्हणजे आजची झूसी. सातवाहनांच्या अभ्यासकापुढे हे नाव उच्चारले असता त्याच्या मनात पहिले नगर उभे राहते. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाच्या मनात बहुधा दुसरे. दोघेही दोन्ही नगरांची तुलना करून मग निवड करतात असे घडत नाही. जे प्रथम सापडते तेथे शोध थांबतो, आणि दुसरे नगर अस्तित्वात आहे याची आठवणही त्या क्षणी होत नाही. ‘सुत्तनिपाता’च्या पारायनवग्गात बावरीचे शिष्य गोदातीराहून श्रावस्तीकडे निघतात त्या प्रवासात जे पहिले नगर लागते, ते मात्र नुसते ‘पतिट्ठान’ नाही. मूळकांचे (काही पोथ्यांत अळकांचे) पतिट्ठान असे ते सांगितले आहे. प्रदेशासह नाव घेतले की शोधाचे कारणच उरत नाही.

नुसते नाव आणि स्थळासह नाव यांतील हा भेद लिनक्स या संगणक-कार्यप्रणालीत फार महत्त्वाचा आहे. वापरकर्ता आज्ञेचे केवळ नाव लिहितो. त्या नावाचा प्रोग्राम यंत्रात कोठे आहे हे तो सांगत नाही. तो कोठे शोधावा, कोणत्या क्रमाने शोधावा, आणि वापरकर्त्याने काहीच ठरविले नसेल तर कोणता क्रम गृहीत धरावा, या व्यवस्थेस ‘पाथ’ म्हणतात. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयावर लिहावे याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. त्याचे कारण सांगणे मला प्राप्त आहे, व ते फारसे गौरवाचे नाही.

पैठण येथील विणकरांच्या बोलीतील शब्दांचा संग्रह आम्ही काही काळ करीत होतो. धोटा, फणी, ताणा, बाणा, असावली, मुनिया अशा शब्दांची त्यांच्या सर्व रूपांसह वारंवारता मोजण्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्याची पहिली आवृत्ती सदोष होती. ‘दोऱ्याचा’ या शब्दातील ऱ्य संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो : एकात नुक्त्याचा ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साध्या र् नंतर न दिसणारे एक जोडचिन्ह असते. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. माझी पहिली आवृत्ती ते अदृश्य चिन्ह गाळून टाकी. परिणामी एका लेखनिकाने लिहिलेला ‘दोऱ्याचा’ जसाच्या तसा राही व दुसऱ्याने लिहिलेल्याचा ‘दोर्याचा’ होई. एकच शब्द दोन शब्द म्हणून मोजला जाई. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांची तर भेसळच होई. हा दोष काढून मी दुसरी आवृत्ती सिद्ध केली, तिला तेच नाव दिले, आणि ती ‘/यूएसआर/लोकल/बिन’ या डिरेक्टरीत ठेवली. जुनी आवृत्ती ‘/यूएसआर/बिन’ मध्ये राहिली. ती काढून टाकावयास हवी होती. मी काढली नाही.

दिवसा हाताने आज्ञा दिली की आकडे बरोबर येत. रात्री ‘क्रॉन’ या व्यवस्थेमार्फत तेच काम आपोआप चाले, व त्यातून सिद्ध झालेले तक्ते चुकीचे येत. नाव एक, यंत्र एक, शब्दांची फाइल एक, आणि निष्कर्ष दोन. तक्ते मुद्रणास जाण्याच्या बेतात असताना एका विद्यार्थिनीने ही विसंगती दाखवून दिली. कारण शोधण्यात दोन दिवस गेले, आणि ते सापडले तेव्हा लक्षात आले की चूक प्रोग्रामात नव्हतीच. माझ्या लॉगिनच्या शोधमार्गात ‘/यूएसआर/लोकल/बिन’ आधी येत होते. क्रॉनचा पूर्वनियत शोधमार्ग मात्र केवळ ‘/यूएसआर/बिन’ व ‘/बिन’ या दोन स्थानांचा असतो. दिवसा नवी आवृत्ती प्रथम सापडे, रात्री ती शोधक्षेत्रातच नसे.

आता या व्यवस्थेचे स्वरूप पाहू. वापरकर्ता व प्रणालीचा गाभा यांच्यामध्ये बसून आज्ञांचा अर्थ लावणारा जो प्रोग्राम असतो त्यास ‘शेल’ म्हणतात. लिनक्सवर बहुधा ‘बॅश’ हा शेल असतो. आज्ञेचे नाव हाती आले की बॅश प्रथम ते वापरकर्त्याने ठेवलेले टोपणनाव आहे काय हे पाहतो. मग त्या नावाचे फंक्शन आहे काय, मग ती शेलच्या पोटातच असलेली आज्ञा आहे काय, हे पाहतो. यांपैकी काहीच नसेल तर तो ‘पाथ’ या चलातील यादीकडे वळतो. ही यादी म्हणजे डिरेक्टऱ्यांची अपूर्णविरामांनी विलग केलेली ओळ. (आपल्याकडील विद्यार्थी ती प्रथम पाहतात तेव्हा प्रत्येक नावापुढे विसर्ग का, असे विचारतात.) डावीकडून उजवीकडे एकेक डिरेक्टरी तपासली जाते, त्या नावाची, चालविण्याची परवानगी असलेली फाइल जेथे प्रथम मिळेल ती चालविली जाते. पुढे त्याच नावाच्या आणखी दहा फाइली असल्या तरी त्या जणू नाहीतच. कोठेच काही न मिळाल्यास ‘आज्ञा सापडली नाही’ असा निरोप येतो व 127 हा संकेतांक परत दिला जातो. आणि नावात तिरकी रेघ असेल तर शोध मुळीच होत नाही, कारण तेव्हा स्थळ सांगितलेलेच असते. मूळकांचे पतिट्ठान ते हेच.

आणखी एक बारकावा आहे. एकदा सापडलेले स्थान बॅश त्या बैठकीपुरते स्मरणात ठेवतो. त्यामुळे मधल्या काळात अधिक अग्रक्रमाच्या डिरेक्टरीत नवी आवृत्ती आणून ठेवली तरी तो जुनीकडेच जातो, जोपर्यंत त्याची स्मृती पुसली जात नाही. आमच्याच एका विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या प्रोग्रामास ‘टेस्ट’ असे नाव दिले होते. त्याने आज्ञा दिली, काहीच घडले नाही, दोषाचा निरोपही आला नाही. ‘टेस्ट’ नावाची आज्ञा शेलच्या पोटात पूर्वीपासूनच आहे, व तिला काही तपासावयास दिले नाही तर ती मुकाट्याने नकारार्थी उत्तर देऊन संपते. तो बिचारा अर्धा दिवस आपल्या निर्दोष प्रोग्रामात दोष शोधीत बसला होता.

ही रचना एकदम अस्तित्वात आली नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे, जनरल इलेक्ट्रिक व बेल प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने, 1960 नंतरच्या दशकात ‘मल्टिक्स’ नावाची कार्यप्रणाली घडविण्यात आली. ‘शेल’ ही संज्ञा तिच्याच संदर्भात लुई पूझँ यांनी योजली. मल्टिक्समध्ये ‘शोधनियम’ असत. आधीच ओळखीचे झालेले भाग, मग ज्या प्रोग्रामाने हाक मारली त्याची डिरेक्टरी, मग वापरकर्ता ज्या डिरेक्टरीत काम करीत आहे ती, आणि शेवटी प्रणालीची ग्रंथालये, असा साधारण क्रम होता. आणि वापरकर्त्यास तो बदलता येई.

बेल प्रयोगशाळेने 1969 मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतल्यावर केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही लहान प्रणाली रचिली. तिच्या पहिल्या माहितीपुस्तकावर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. त्यात शोधाचा नियम आश्चर्य वाटावे इतका साधा आहे : दिलेल्या नावाची फाइल आहे काय ते पाहावे, नसल्यास नावामागे ‘/बिन/’ जोडून पाहावे. पुढे त्यात ‘/यूएसआर/बिन/’ या दुसऱ्या उपसर्गाची भर पडली. हा क्रम शेलच्या अंगातच कोरलेला होता; वापरकर्त्यास त्यात हात घालता येत नसे. मल्टिक्सचे स्वातंत्र्य येथे लोपले.

दोनच ‘बिन’ का, याचे उत्तर जागेच्या टंचाईत आहे. 1971 मधील त्या पीडीपी-11 यंत्राची डिस्क अवघी 512 किलोबाइटांची होती. पहिल्या डिस्कवर आज्ञा मावेनाशा झाल्या तेव्हा त्या दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे जेथे वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फाइली असत त्या ‘यूएसआर’ मध्ये, सांडल्या. पुढील पिढ्यांनी या दोन स्थानांस निरनिराळी प्रयोजने चिकटविली : एक यंत्र सुरू होताना लागणाऱ्या आज्ञांचे, दुसरे उरलेल्यांचे. शब्दव्युत्पत्तीच्या क्षेत्रात ज्यास आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो तसाच हा प्रकार आहे. आधी रूप घडते, मग त्यास शोभेल असे कारण मागाहून सांगितले जाते.

बेल प्रयोगशाळेतच जॉन मॅशी यांनी 1975 च्या सुमारास रचिलेल्या शेलमध्ये शोधक्रम वापरकर्त्याच्या हाती देण्याची सोय आली, आणि 1979 च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांच्या शेलबरोबर ‘पाथ’ हे चल आजच्या स्वरूपात स्थिर झाले. त्याचे पूर्वनियत मूल्य अपूर्णविरामानेच सुरू होई, म्हणजे पहिली जागा रिकामी असे. आणि रिकाम्या जागेचा अर्थ ‘आपण सध्या जेथे आहोत ती डिरेक्टरी’ असा होता. 1971 मधील ‘आधी जवळ पाहावे’ ही सवय अशा रीतीने एका अदृश्य पदाच्या रूपाने टिकून राहिली. व्याकरणात ज्यास लोप म्हणतात तशातलाच हा प्रकार. पद दिसत नाही, पण त्याचे कार्य होते.

‘पाथ’ या शब्दाविषयी थोडेसे. हा इंग्रजी शब्द जर्मानिक भाषांत इराणी शाखेतून उसना आला असावा असे अनेक विद्वानांचे मत आहे. तसे असल्यास आपल्या ‘पथिन्’, ‘पथ’ यांचा तो सगोत्र ठरतो. पोथीचा ‘पाठ’ मात्र पठ् धातूपासूनचा, त्याचा या कुळाशी संबंध नाही. तरीही मला जे म्हणावयाचे आहे त्यास पाठाचाच दाखला अधिक जुळतो.

क्रमाने प्रामाण्य ठरविणे ही आपल्या शास्त्रांस अपरिचित गोष्ट नव्हे. पूर्वमीमांसेत श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान व समाख्या या सहांचा विरोध आला असता उत्तरोत्तर दुर्बळ मानावे असे जैमिनीने सांगितले आहे. याउलट पाणिनीच्या व्यवस्थेत तुल्यबळ नियमांचा संघर्ष झाल्यास पुढचा नियम प्रवृत्त होतो (अष्टाध्यायी 1.4.2). शेलचा कल मीमांसेकडे आहे : जे आधी ते बलवान. परंतु साम्य येथेच संपते. जैमिनी दौर्बल्याचे कारणही देतो, की उत्तरोत्तर अर्थ दूर पडत जातो. शेलपाशी तसे कारण नाही. यादीत आधी लिहिले आहे, एवढेच त्याला ठाऊक. शिवाय मीमांसकांच्या यादीत समाख्या, म्हणजे केवळ नाव, सर्वांत शेवटी व सर्वांत दुर्बळ आहे. शेलच्या हाती तर नावाखेरीज दुसरे काहीच नसते.

आता पैठणचा दाखला. ‘ज्ञानेश्वरी’ असे नुसते म्हटले असता महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांपुढे जो पाठ येतो तो एकनाथांच्या संशोधनावर आधारलेला असतो. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रतींत पुढील तीन शतकांत पाठभेद शिरले होते, एकनाथांनी प्रती पाहून शके 1506 (इ. स. 1584) मध्ये पाठ शुद्ध केला. वि. का. राजवाडे यांनी नाथपूर्व मानलेल्या पोथीवरून 1909 मध्ये निराळा पाठ छापला, आणि त्या पाठाच्या आधारे 1960 मध्ये शासकीय आवृत्तीही निघाली. तथापि राजवाडेप्रत हवी असेल तर ती राजवाड्यांचे नाव घेऊन मागावी लागते. नुसत्या नावाने नाथांचीच प्रत सापडते. पूर्वनियत म्हणतात ते यालाच.

या दाखल्यातील जी गोष्ट मला सर्वांत बोधक वाटते ती वेगळीच आहे. पाठ शुद्ध केल्यावर एकनाथांनी अखेरीस असा स्पष्ट इशारा दिला, की या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. नाथ स्वतः मोठे कवी. ओवी रचणे त्यांना अवघड नव्हते. पण जे स्थान सर्वांच्या शोधात प्रथम लागणार, तेथे कोणासही भर घालण्याची मुभा राहिली तर त्या नावाचा अर्थच त्या व्यक्तीच्या हाती जातो, हे त्यांनी ओळखले होते. मध्ये घुसलेली ओवी वाचकाला ज्ञानदेवांचीच वाटणार.

युनिक्सच्या जगास हे उमगण्यास काही वर्षे लागली. सध्याची डिरेक्टरी शोधमार्गात प्रथम असली की कोणीही आपल्या डिरेक्टरीत ‘एलएस’ नावाचा (फाइलींची यादी दाखविणाऱ्या आज्ञेचे हे नाव) खोटा प्रोग्राम ठेवू शकतो. सर्वाधिकारी वापरकर्ता, ज्यास ‘रूट’ म्हणतात, त्या डिरेक्टरीत येऊन सहज यादी पाहू लागला की खरी आज्ञा न चालता खोटी चालते, आणि तीही त्याच्या सर्व अधिकारांनिशी. खोट्या प्रोग्रामाने काम उरकून शेवटी खरी यादी दाखविली तर कोणास शंकाही येत नाही. ते स्थान यादीच्या अखेरीस टाकून धोका कमी होतो, पण संपत नाही. ‘एलएस’ ऐवजी बोट चुकून ‘एसएल’ लिहिले गेले आणि त्या नावाची फाइल तेथे टपून बसली असली म्हणजे झाले. म्हणून आजच्या लिनक्स-वितरणांत सध्याची डिरेक्टरी पूर्वनियत शोधमार्गात नसते, आणि म्हणूनच आपल्या समोर असलेला प्रोग्राम चालविण्यासाठीही त्याच्या नावापूर्वी टिंब व तिरकी रेघ द्यावी लागते. नवशिक्यांस हा जाच वाटतो. ज्या प्रणालीगत डिरेक्टऱ्या मार्गात असतात त्यांत सामान्य वापरकर्त्यास लिहिण्याची परवानगी नसते, हा याच इशाऱ्याचा दुसरा भाग होय.

मजेची गोष्ट अशी, की हा शहाणपणा सर्वत्र विचारपूर्वक आलेला नाही. ‘पाथ’ चलच अस्तित्वात नसेल तेव्हा काय करावे हे लिनक्सची मूलभूत सी-ग्रंथालय ‘जीलिबसी’ ठरविते. तिने सध्याची डिरेक्टरी प्रथम शोधण्याची जुनी रीत दीर्घकाळ चालू ठेवली होती. 2016 मध्ये निघालेल्या 2.24 या आवृत्तीच्या वेळी अंतर्गत रचनेची आवराआवर चालू असता ते पद अनवधानाने गळाले. हा बदल आकस्मिक असला तरी काहीसा हितकारक आहे, सबब तो परत फिरविला जाणार नाही, अशी नोंद माहितीपत्रकात आहे. लेखनिकाच्या डुलकीने शुद्ध झालेला पाठ आमच्या पोथ्यांतही क्वचित सापडतो, पण त्याची इतकी प्रांजळ कबुली सापडत नाही.

पूर्वनियत क्रम कोठे लिहिलेला असतो, या प्रश्नास एकच उत्तर नाही, आणि माझ्या चुकीचे मूळ यातच होते. बॅशच्या अंगात एक यादी असते, पण ती केवळ दुसऱ्या कोणी काही दिले नसेल तेव्हाची. डेबियन कुळातील प्रणालीत लॉगिनच्या वेळी ‘/ईटीसी/लॉगिन.डेफ्स’ ही फाइल सामान्य वापरकर्त्यास एक व रूटला दुसरी यादी देते. उबुंटूत ‘/ईटीसी/एन्व्हायरनमेंट’ हीतही ती असते. त्यावर ‘/ईटीसी/प्रोफाइल’ आपला हात फिरविते, आणि शेवटी वापरकर्त्याच्या घरडिरेक्टरीतील फाइली. सर्वाधिकार तात्पुरते देणारी ‘सुडो’ ही आज्ञा बहुतेक वितरणांत वापरकर्त्याची यादी बाजूस सारून आपली सुरक्षित यादी लावते. क्रॉन यांपैकी लॉगिनच्या वाटेने जातच नाही, म्हणून तिची यादी आखूड. 2019 च्या डेबियन 10 मध्ये ‘एसयू’ या आज्ञेची घडण बदलली आणि तिने रूट झाल्यावरही जुन्याच वापरकर्त्याची यादी पुढे चालविली. ‘/एसबिन’ मधील आज्ञा अचानक सापडेनाशा झाल्या. आज्ञा होत्या तेथेच होत्या.

1971 च्या त्या दोन डिस्कांचा वारसा आता मिटत आहे. फेडोरा या वितरणाने 2012 मध्ये ‘/बिन’ चे रूपांतर ‘/यूएसआर/बिन’ कडे बोट दाखविणाऱ्या दुव्यात केले; डेबियनने 2023 च्या आपल्या 12 व्या आवृत्तीत हीच रचना अनिवार्य केली; आणि 2025 मध्ये फेडोरा 42 ने ‘/यूएसआर/एसबिन’ ही ‘/यूएसआर/बिन’ मध्ये विलीन केली. शोधमार्गाच्या यादीत मात्र जुनी नावे अनेक ठिकाणी अजून लिहिली जातात. एकाच कपाटाला दोन दारे आणि शेल दोन्ही दारे वाजवून पाहतो, अशी स्थिती आहे.

विणकरांच्या शब्दांचे तक्ते आम्ही पुन्हा सिद्ध केले आहेत. रात्रीच्या कामात आता प्रोग्रामाचे नाव संपूर्ण स्थळासह लिहिले आहे, आणि प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर कोणत्या स्थानावरील कोणत्या आवृत्तीने तो मोजला हे छापले जाते. जुनी आवृत्ती मी नष्ट केलेली नाही. तिने मोजलेले आकडे एका पूर्वीच्या टिपणात प्रसिद्ध झाले आहेत, व ते तपासण्याची ज्यास इच्छा होईल त्यास ती लागेल. तिला निराळे नाव दिले असून ती शोधमार्गाबाहेरील एका डिरेक्टरीत ठेविली आहे.